वाचपीठावरचा टॅबलेट, बाकांवरचे फोन आणि सदतिसावे वचन: एका मंडळीतील प्रकरणाचा अभ्यास

ज्या ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, हे प्रकरण आहे तिची ओळख येथे दिलेली नाही. वाचकांचे लक्ष माणसांकडे न जाता प्रश्नाकडे जावे, अशी तेथील वडिलांची, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांची, इच्छा होती आणि ती मला योग्य वाटली. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मंडळीने नेमलेल्या छोट्या समितीत मी होतो आणि समितीचे निवेदन लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निवेदनात जे थोडक्यात मांडले होते ते येथे सविस्तर मांडत आहे. उपासनेत फोन आणि टॅबलेट यांच्यावरून पवित्र शास्त्र वाचावे की नाही, हा वाद आज अनेक मंडळ्यांत चालू आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो चुकीच्या जागी अडकलेला दिसतो.

पार्श्वभूमी

या मंडळीत उपासनेचा क्रम ठरलेला आहे. सभासदांपैकी एक जण वाचपीठावरून शास्त्रवाचन करतो, त्यानंतर पाळकांचा उपदेश होतो आणि बाकांवर छापील बायबलच्या प्रती ठेवलेल्या असतात. फोन या व्यवस्थेत कोणी ठरवून आणले नाहीत. सुरुवातीला काही तरुण उपदेशाच्या वेळी संदर्भ पाहण्यासाठी फोन काढत असत आणि मागच्या बाकांवर ते फारसे कोणाच्या नजरेत येत नसे. २०२०च्या साथीनंतर उपासना पुन्हा सुरू झाली तेव्हा अनेकांच्या हातांतून जाणारी पुस्तके बाकांवरून उचलण्यात आली आणि प्रत्येकाने आपली प्रत आणावी किंवा फोनवर वाचावे असे खुद्द वाचपीठावरून सांगण्यात आले. पुढे पुस्तके बाकांवर परत आली, पण ती सूचना मागे घेतल्याचे कोणी जाहीर केले नाही. नंतर तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या हे लक्षात राहिले नव्हते. ज्या सवयीबद्दल तरुणांना बोल लावला गेला, ती सवय मंडळीनेच एका अडचणीच्या काळात लावली होती.

वाचपीठावरचा टॅबलेट वेगळ्या कारणाने आला. वाचकांपैकी एका वयस्क सभासदाला जुन्या मोठ्या बायबलमधील बारीक अक्षरे दिसेनाशी झाली होती. अक्षर हवे तेवढे मोठे करता यावे म्हणून तेथे मंडळीच्या कार्यालयातील टॅबलेट ठेवला जाऊ लागला. हळूहळू इतर वाचकही त्यावरूनच वाचू लागले आणि मोठे बायबल वाचपीठाच्या खालच्या कप्प्यात गेले. तोच टॅबलेट आठवडाभर हिशेब, पत्रव्यवहार आणि संडे स्कूलची चित्रे यांसाठी वापरला जात असे.

घटना

बाप्तिस्म्याच्या एका रविवारी प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील आठव्या अध्यायाचा उत्तरार्ध वाचनासाठी निवडला होता. इथिओपियाचा राजदरबारी अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत चालला आहे, येशूची सुवार्ता सांगणारा फिलिप्प त्याच्याजवळ धावत जातो, वाचलेले समजते का असे विचारतो, आणि शेवटी वाटेत पाणी लागल्यावर त्या अधिकाऱ्याचा बाप्तिस्मा होतो, असा तो प्रसंग आहे. बाप्तिस्मा घेणारे पुढच्या बाकावर बसले होते. वाचकाने टॅबलेटवरून छत्तिसावे वचन वाचले, ज्यात तो अधिकारी ‘मला बाप्तिस्मा घेण्यास काय अडचण आहे’ असे विचारतो, आणि त्यानंतर सरळ अडतिसावे वचन वाचले. ज्यांच्या हातात छापील प्रत होती त्यांना तेथे सदतिसावे वचन दिसत होते. फिलिप्पाने घातलेली मनापासून विश्वास ठेवण्याची अट आणि त्या अधिकाऱ्याने दिलेली येशू देवाचा पुत्र असल्याची कबुली त्या वचनात आहे, आणि त्या सकाळी पुढच्या बाकावर बसलेल्यांकडून नेमकी तीच कबुली घेतली जाणार होती.

बाकांवर कुजबुज झाली आणि मंडळीतील एका वडिलांनी जागेवरूनच ‘एक वचन राहिले’ असे सांगितले. वाचकाने मागे जाऊन पाहिले, पण त्याच्यासमोर ते वचन नव्हतेच. शोधण्याच्या घाईत त्याचे बोट पडद्यावरून आडवे सरकले आणि ॲप नवव्या अध्यायावर, शौलाच्या दिमिष्काच्या वाटेवर जाऊन पोहोचले. ज्यांच्या हातांत फोन होते त्यांच्यापैकी काहींना ते वचन दिसत होते आणि काहींना दिसत नव्हते, कारण प्रत्येकाच्या फोनवर वेगळे भाषांतर उघडलेले होते. अखेर पाळक पुढे आले, त्यांनी कप्प्यातले मोठे बायबल काढले आणि सव्विसाव्या वचनापासून सगळा उतारा पुन्हा वाचला. बाप्तिस्म्याचा विधी त्यानंतर व्यवस्थित पार पडला. तरीही त्या दिवशी घरी जाताना लोकांच्या तोंडी बाप्तिस्मा नव्हता, टॅबलेटने गाळलेले वचन होते.

त्याच आठवड्यात काही सभासदांनी सह्या करून पाळकांकडे अर्ज दिला. त्यात उपासनेच्या वेळी फोन व टॅबलेट यांना पूर्ण बंदी करावी अशी मागणी होती आणि ‘ॲपमध्ये देवाच्या वचनात फेरफार झाला आहे’ असा थेट आरोप होता. अर्जावर निर्णय होण्याआधीच पुढच्या रविवारी आणखी एक गोष्ट घडली. दारापाशी उभा असलेल्या एका स्वयंसेवकाने बाकावर फोन पाहत बसलेल्या एका बाईंना, उपासना चालू असताना, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात फोन आत ठेवायला सांगितले. त्या बाईंची दृष्टी फार अधू आहे. फोनवर अक्षर तळहाताएवढे मोठे करून त्या वचन वाचत होत्या. त्यांनी काही न बोलता फोन पिशवीत ठेवला आणि त्यानंतरच्या रविवारी त्या आल्या नाहीत. समिती नेमली गेली ती या दुसऱ्या घटनेनंतर.

सदतिसाव्या वचनाचे काय झाले

समितीने सर्वांत आधी फेरफाराचा आरोप तपासला, कारण तो खरा असता तर पुढची सगळी चर्चा निरर्थक ठरली असती. आरोप खरा नव्हता, पण तो करणाऱ्यांचा गोंधळ समजण्यासारखा होता. प्रेषितांची कृत्ये ८:३७ हे वचन नव्या कराराच्या सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही. चौथ्या शतकातील सिनाई व व्हॅटिकन या दोन्ही प्रसिद्ध हस्तलिखितांत ते नाही. उलट दुसऱ्या शतकातील आयरेनियस या ख्रिस्ती लेखकाच्या लेखनात या कबुलीचा उल्लेख येतो आणि सहाव्या शतकातील एका ग्रीक-लॅटिन हस्तलिखितात हे वचन आहे. म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची ही कबुली मंडळीच्या परंपरेत फार जुनी आहे, पण लूकने लिहिलेल्या मूळ मजकुरात ती होती असे बहुतेक अभ्यासक मानत नाहीत. १५१६मध्ये इरास्मस या विद्वानाने छापलेल्या ग्रीक नव्या करारात हे वचन घेतले गेले आणि त्याच परंपरेतील ग्रीक मजकुराला रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१मध्ये वचनांचे क्रमांक दिले. क्रमांक एकदा रूढ झाल्यावर ते बदलणे शक्य नव्हते. म्हणून ज्या आधुनिक भाषांतरांनी हे वचन मुख्य मजकुरातून तळटिपेत नेले, त्यांच्यात छत्तिसानंतर एकदम अडतीस येतो.

छापील बायबलमध्येही हा फरक आहेच. एका भाषांतराची छापील प्रत आणि दुसऱ्या भाषांतराची छापील प्रत शेजारी ठेवली असती, तरी त्या रविवारी हाच गोंधळ झाला असता. तरीसुद्धा साधनाचा यात काहीच वाटा नव्हता असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही, आणि समितीतील तरुण सभासदांनीही ते शेवटी मान्य केले. छापील पानावर तळटीप त्याच पानाच्या खाली असते, त्यामुळे वचन राहिले असे वाटताच नजर खाली जाते आणि खुलासा मिळतो. त्या ॲपमध्ये तळटीप एका बारीक खुणेमागे होती आणि खुणेवर बोट ठेवल्याशिवाय ती उघडत नव्हती. शिवाय ॲप उघडले की आधीच्या माणसाने शेवटी पाहिलेले भाषांतर समोर येत होते. आदल्या दिवशी संडे स्कूलच्या तयारीसाठी कोणीतरी सोप्या भाषेतील भाषांतर निवडले होते आणि वाचकाने त्यातूनच वाचायला सुरुवात केली. मंडळीत कोणते भाषांतर वाचायचे हे वाचपीठावर मोठे बायबल होते तोपर्यंत कोणाला ठरवावे लागत नव्हते, कारण ते त्या ग्रंथानेच ठरवलेले होते. ग्रंथ कप्प्यात गेला तेव्हा तो निर्णयही त्याच्याबरोबर गेला आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही. माझ्या मते या प्रकरणाचे मूळ येथे आहे.

वाचपीठ आणि बाक

समितीच्या बैठकांत बराच काळ ‘फोन हवा’ आणि ‘फोन नको’ असे दोनच पक्ष होते. चर्चा पुढे सरकली ती एका साध्या प्रश्नामुळे: आपण वाचपीठाबद्दल बोलत आहोत की बाकांबद्दल? वाचपीठावरचा माणूस सर्वांच्या वतीने वाचतो, तर बाकावरचा माणूस ऐकता ऐकता स्वतःपुरते पाहतो. या दोन कृती वेगळ्या आहेत आणि एकीसाठी केलेला नियम दुसरीला लागू पडत नाही.

सार्वजनिक वाचनाची परंपरा शास्त्रातच दिसते. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लाकडी मंचावर उभा राहतो, ग्रंथ उघडतो आणि तो उघडताच सगळे लोक उभे राहतात. लूकच्या चौथ्या अध्यायात नासरेथच्या सभास्थानात येशूच्या हाती यशयाची गुंडाळी दिली जाते, तो जागा काढून वाचतो, गुंडाळी परत सेवकाच्या हाती देतो आणि मग बोलायला बसतो. दोन्ही ठिकाणी ग्रंथ सर्वांच्या नजरेसमोर उघडला जातो आणि तो कोणा एकाचा नसतो. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती उपासनेचे जे वर्णन केले आहे, त्यातही प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जात आणि त्यानंतर प्रमुख उपदेश करत असे म्हटले आहे. ऐकणाऱ्यांच्या हातांत तेव्हा काही नव्हते. छापखाना येईपर्यंत बहुसंख्य विश्वासणाऱ्यांनी शास्त्र वाचले नाही, ते ऐकले. विश्वास ऐकण्याने होतो, असे पौल रोमकरांस लिहितो ते अशाच लोकांसमोर मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या पत्रात.

वाचपीठावर कोणते साधन असावे याबद्दल काही मंडळ्यांनी ठाम भूमिका घेतल्या आहेत. न्यूझीलंडच्या कॅथलिक बिशपांनी २०१२मध्ये, मिस्साच्या (कॅथलिक उपासनाविधीच्या) वेळी धर्मगुरूंनी आयपॅडसारख्या साधनांऐवजी छापील मिस्सल, म्हणजे त्या विधीचा ग्रंथच, वापरावे, असे आपल्या धर्मगुरूंना कळवले. अशी साधने इतर अनेक कामांना उपयोगी आहेत हे त्यांनी नाकारले नाही. त्यांचा मुद्दा असा होता की उपासनेचा ग्रंथ उपासनेसाठीच राखलेला असतो, तर हे साधन तसे नसते. आमची मंडळी कॅथलिक नाही आणि त्या पत्राचे बंधन तिच्यावर नाही, पण हा युक्तिवाद मला पटतो. सोमवारी हिशेब दाखवणारा पडदा रविवारी वचन दाखवू लागला तर वचनाचे सामर्थ्य कमी होत नाही, मात्र ग्रंथ उघडला जाताना पाहून लहान मुलालाही जे कळते ते त्या पडद्याकडे पाहून कळत नाही. समितीतील एका सभासदाने यावर आक्षेप घेतला की गुंडाळी सोडून शिवलेल्या पानांचा ग्रंथ वापरायला सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनीच आधी आणि मोठ्या प्रमाणावर सुरुवात केली, मग आज आपण नव्या साधनाला का भ्यावे? आक्षेप वजनदार आहे. माझे उत्तर असे की त्या लोकांनी ग्रंथाचा आकार बदलला तरी तो वाचण्यासाठीच ठेवला. आपल्या टॅबलेटबाबत प्रश्न आकाराचा नसून, तो त्याच वेळी आणखी दहा कामे करत असतो याचा आहे.

बाकांवरचे लक्ष

बाकांवरच्या फोनबद्दल मात्र बंदीची मागणी करणाऱ्यांचा आणि माझा मार्ग वेगळा आहे. त्यांची मुख्य तक्रार लक्ष विचलित होण्याची होती, आणि ती निराधार नव्हती. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की फोन हातात न घेता नुसती सूचना आल्याची जाणीव झाली तरी समोरच्या कामातील चुका वाढतात. २०१३मध्ये कॅनडात विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात, व्याख्यान चालू असताना लॅपटॉपवर इतर कामे करणाऱ्यांचे आकलन तर कमी झालेच, पण ज्यांना त्यांचा पडदा दिसत होता त्या शेजाऱ्यांचेही गुण घटले. हा दुसरा निष्कर्ष मंडळीसाठी अधिक महत्त्वाचा आहे. ‘मी माझ्या फोनवर काय पाहतो हा माझा प्रश्न आहे’ हे म्हणणे मंडळीत टिकत नाही, कारण बाक एकाचा नसतो.

वाचनाच्या आकलनाबद्दलही पुरावा आहे. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणात ५४ अभ्यास एकत्र तपासले गेले आणि कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन पडद्यावर वाचणाऱ्यांपेक्षा किंचित सरस आढळले. हा फरक माहितीपर मजकुरात आणि वेळेची घाई असताना अधिक होता, तर केवळ कथात्म मजकुरात तो दिसला नाही. पौलाच्या पत्रांतील लांबलचक युक्तिवाद आणि लूकमधील दाखले यांना हा निष्कर्ष सारख्याच प्रमाणात लागू होणार नाही. त्यामुळे या पुराव्याच्या जोरावर फोनला सरसकट दोष देणाऱ्यांना मी थोडे थांबायला सांगितले.

मला स्वतःला खटकणारी गोष्ट वेगळी आहे. फोनवर वचन शोधून काढले की फक्त तेच वचन समोर येते. आजूबाजूचा उतारा असतो, पण तो पाहण्यासाठी वेगळे पाऊल उचलावे लागते. छापील पानावर नहूमचे पुस्तक काढताना मीखा आणि हबक्कूक हाताखालून जातात, आणि पुस्तकांचा क्रम न शिकवता अंगवळणी पडतो. फोनवर वाढलेल्या मुलांना वचने पाठ असतात, पण त्यांचे शेजारी माहीत नसतात, असे आमच्या संडे स्कूलच्या शिक्षिकांनी समितीला सांगितले, आणि त्यांच्या अनुभवाला मी कोणत्याही प्रयोगाइतकेच मोल देतो.

आणि तरीही बंदी हा उपाय नव्हे. छापील बायबल जेव्हा नवे होते तेव्हा तेही उपासनेतील अडथळा ठरले होते, हे आपण विसरून गेलो आहोत. १५३८मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत इंग्लंडमधील प्रत्येक पॅरिश चर्चमध्ये इंग्रजी बायबलची मोठी प्रत सर्वांना वाचता येईल अशी ठेवण्याचा हुकूम निघाला. विधी चालू असतानाच लोक त्या प्रती मोठ्याने वाचू लागले आणि पुढच्याच वर्षी मिस्साच्या वेळी अशा मोठ्या आवाजातील वाचनाला मनाई करावी लागली. प्रती मात्र चर्चमध्येच राहिल्या. त्या काळच्या लोकांनी ग्रंथ काढून घेण्याऐवजी वाचण्याची वेळ ठरवली, हा धडा मला आमच्या प्रकरणात थेट उपयोगी वाटला.

ज्यांच्यासाठी पडदा हीच प्रत आहे

समितीने त्या बाईंना भेटून बोलावले. त्यांचे म्हणणे ऐकल्यावर बंदीच्या बाजूचे दोन सभासद आपल्या भूमिकेवरून मागे हटले. मोठ्या अक्षरांचे छापील बायबल त्यांनी अनेक वर्षे वापरले होते, पण दृष्टी आणखी कमी झाल्यावर तेही पुरेना, आणि ती प्रत इतकी जड होती की हातात धरून बसणे त्यांना झेपत नव्हते. फोनमुळे कित्येक वर्षांनी त्यांना उपासनेत बाकीच्यांबरोबर त्याच क्षणी वचन पाहता येऊ लागले होते. ‘माझ्या हातात फोन दिसला, बायबल दिसले नाही,’ असे त्या म्हणाल्या. याहून नेमके वर्णन समितीत कोणी केले नाही.

त्यांच्यासारखी माणसे प्रत्येक मंडळीत असतात आणि ती बहुधा तक्रार करत नाहीत. पूर्णपणे दृष्टिहीन सभासदासाठी ब्रेल लिपीतील संपूर्ण बायबल म्हणजे कपाटभर जाडजूड खंड होतात, तर फोन तोच मजकूर कानातल्या यंत्रातून वाचून दाखवू शकतो किंवा छोट्या ब्रेल उपकरणावर उमटवू शकतो. ज्यांना कमी ऐकू येते त्यांच्यासाठी वाचपीठावरचे वाचन पुसट असते आणि हातातला मजकूर हाच आधार असतो. ज्यांची मातृभाषा उपासनेच्या भाषेहून वेगळी आहे ते आपल्या भाषेतले वचन फोनवर उघडून उपासनेबरोबर चालतात. ते एवढ्या शांतपणे चालतात की अर्ज देणाऱ्यांना मंडळीत असे लोक आहेत याची कल्पनाच नव्हती. बंदीचा नियम केला असता तर यांपैकी प्रत्येकाला परवानगी मागायला यावे लागले असते, आणि वचन वाचण्यासाठी परवानगी मागावी लागणे ही गोष्ट मी कोणत्याही मंडळीत मान्य करणार नाही.

मंडळीने काय ठरवले

समितीने शिफारस केली आणि वडिलांनी ती थोड्या फेरफाराने स्वीकारली. मोठे बायबल वाचपीठावर परत आले आणि मंडळीने वाचनासाठी एक भाषांतर निश्चित केले. उताऱ्याच्या घोषणेबरोबर त्या भाषांतराचे नाव आणि बाकांवरील प्रतीचा पृष्ठक्रमांक सांगितला जातो, म्हणजे फोनवर वाचणाऱ्यालाही नेमके काय उघडायचे ते कळते. ज्या वाचकाला ग्रंथातील अक्षर दिसत नाही त्याच्यासाठी उतारा आधीच मोठ्या अक्षरांत कागदावर छापला जातो आणि तो कागद उघड्या ग्रंथावर ठेवून वाचला जातो. कागदही पुरेसा होत नसेल तर टॅबलेट चालतो, पण त्यावर ॲप नसते. फक्त त्या दिवसाच्या उताऱ्याची फाइल उघडलेली असते, एअरप्लेन मोड चालू असतो, पडदा आपोआप विझणार नाही अशी योजना असते आणि दुसरे काही उघडता येऊ नये म्हणून टॅबलेट त्या एकाच फाइलवर अडकवून ठेवलेला असतो. वाचकाने शनिवारी पाळकांसमोर उतारा एकदा मोठ्याने वाचावा असेही ठरले. सदतिसाव्या वचनासारखी जागा त्यातून आधीच लक्षात येते, आणि तशी जागा असेल तर वाचनापूर्वी एका वाक्यात तिचा खुलासा केला जातो.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती ऐकण्याबद्दलच्या निर्णयावर, आणि तोच मला या प्रकरणातील खरा निर्णय वाटतो. वाचपीठावरून वाचन चालू असताना, ज्यांना डोळ्यांसमोर मजकूर लागतोच ते वगळून, इतरांनी आपापली प्रत मिटून ठेवावी आणि ऐकावे अशी विनंती करण्यात आली. प्रत कागदाची असो की फोनची, विनंती एकच आहे. उपदेश सुरू होण्याआधी पाळक थोडे थांबतात आणि तेव्हा सर्वांनी आपल्या प्रती उघडायच्या असतात. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया या गावातील लोकांनी ऐकलेले खरे आहे की नाही हे शास्त्रात रोज शोधून पाहिले म्हणून त्यांची वाखाणणी झाली आहे, हा मुद्दा तरुणांनी मांडला होता, आणि त्याला योग्य जागा उपदेशाच्या वेळी आहे हे सर्वांना पटले. इथिओपियाच्या त्या अधिकाऱ्याकडेही स्वतःची प्रत होती आणि तो ती वाचतही होता, तरी कोणी समजावून सांगितल्याशिवाय मला कसे कळणार, असे तोच फिलिप्पाला विचारतो. त्या रविवारी जो उतारा वाचताना आमच्यात फूट पडली, त्यातच स्वतःची प्रत आणि दुसऱ्याचा आवाज यांचे नाते इतके स्पष्ट लिहिलेले होते, हे समितीच्या चर्चेत बऱ्याच उशिरा कोणीतरी लक्षात आणून दिले.

उपासनेला येण्यापूर्वी फोनवर निश्चित भाषांतर उतरवून ठेवावे, सूचना बंद कराव्यात आणि पडद्याचा उजेड कमी करावा एवढीच अपेक्षा फोन वापरणाऱ्यांकडून आहे. काही भाषांतरे प्रकाशकांच्या परवान्यामुळे इंटरनेटशिवाय उघडत नाहीत, म्हणून भाषांतर निवडताना ही बाबही पाहिली गेली. बाकावर बसलेल्या कोणालाही फोन आत ठेवायला सांगू नये, अशी स्पष्ट सूचना स्वयंसेवकांना देण्यात आली. काही बोलायचे असेल तर ते उपासनेनंतर, आणि पाळकांनीच.

त्यानंतर

त्या बाई परत आल्या. ज्या स्वयंसेवकाने त्यांना हटकले होते तो पाळकांनी सांगण्याची वाट न पाहता स्वतः त्यांच्या घरी गेला होता. अर्जावर सह्या करणाऱ्यांपैकी काहींना हा निर्णय अपुरा वाटतो आणि तसे ते मोकळेपणाने सांगतात. काही तरुणांना वाचनाच्या वेळी प्रत मिटवणे अजून जड जाते आणि छापील प्रत वापरणाऱ्या ज्येष्ठांपैकीही अनेकांना ते तितकेच जड जाते. हे दुसरे निरीक्षण मला महत्त्वाचे वाटते, कारण अर्जात ज्याला फोनचा दोष म्हटले होते त्यातला काही भाग आपली ऐकण्याची सवय सुटल्याचा होता, आणि ती सवय फोन येण्याच्या कितीतरी आधी सुटलेली होती. वाचकांच्या वाचनात मात्र सर्वांना जाणवेल असा फरक पडला आहे. शनिवारी एकदा मोठ्याने वाचलेला उतारा रविवारी वेगळ्या जाणतेपणाने वाचला जातो.

एक प्रश्न उरला आहे. मंडळीतील एका कुटुंबाने विचारले आहे की त्यांच्या कर्णबधिर मुलासाठी सांकेतिक भाषेतील शास्त्रवाचन उपासनेत पुढे दाखवता येईल का. सांकेतिक भाषेला लिहिलेल्या पानाचा फारसा उपयोग नसतो. तिच्यातील भाषांतर चित्रफितीच्या स्वरूपातच असते. अमेरिकन सांकेतिक भाषेत संपूर्ण बायबल २०२०मध्ये पूर्ण झाले ते याच स्वरूपात. अशा भाषांतराचा ग्रंथ वाचपीठावर ठेवता येत नाही, पडदा हाच तो ग्रंथ असतो. वाचपीठावर छापील ग्रंथ असावा या नियमाचा मी सर्वांत जास्त आग्रह धरला होता. तरीही या मुलासाठी तो नियम बाजूला ठेवून पुढच्या भिंतीवर पडदा लावावा, आणि वाचक व चित्रफीत एकाच गतीने कसे चालतील याची तयारी शनिवारच्या वाचनातच करावी, असे मी वडिलांना लिहून दिले आहे. त्यांची बैठक अजून व्हायची आहे.